वय वर्षे वीस, हुद्दा 'ओल्ड बॉय'

सिंगापूरच्या नोव्हेना भागातील शाळांमध्ये शनिवारी सकाळी एक विशिष्ट प्रकारचा तरुण आढळतो. केस बारीक कातरलेले, गळ्यात शिट्टी, काखेत पांढऱ्या कागदाची लांब गुंडाळी आणि अंगात तीन वर्षांपूर्वीच्या शिबिराचा विटका टी-शर्ट. तो याच शाळेत शिकून गेलेला असतो आणि आता धाकट्या मुलांकडून काहीतरी करून घ्यायला परत आलेला असतो. ते 'काहीतरी' म्हणजे वादविवाद, नाटक, रोबो, स्काउटचे शिबिर किंवा साहस. देशातली सर्वांत उंच टेकडी बुकित तिमा १६४ मीटरची असल्याने साहस बरेचसे सपाटीवरच उरकावे लागते. या साऱ्याला मिळून 'एनरिचमेंट' म्हणतात. करणाऱ्याला 'ओल्ड बॉय' म्हणतात आणि त्याचे वय वीस असते. मोबदला म्हणजे कॅन्टीनमधले जेवण आणि आपल्यापेक्षा लहान तीस मुलांना ओळीत उभे करण्याचा अधिकार. दोहोंत त्याला जास्त भूक कशाची असते, हे पुढील विवेचनावरून कळेल.

नोव्हेनाला हे नाव थॉमसन रोडवरच्या सेंट अल्फॉन्सस चर्चमुळे पडले. चर्च १९५० चे. तिथे शनिवारी 'नोव्हेना' प्रार्थनेला मोठी गर्दी होते, म्हणून लोक त्याला नोव्हेना चर्च म्हणू लागले. १९८७ च्या डिसेंबरात मेट्रोचे स्टेशन आले, त्यालाही तेच नाव मिळाले. आसपास शाळांची दाटी आहे. सेंट जोसेफ्स इन्स्टिट्यूशन १८५२ ची; ब्रास बसा रोडवरची जुनी देखणी इमारत सोडून ती १९८८ मध्ये माल्कम रोडवर आली (जुन्या इमारतीत पुढे कलासंग्रहालय झाले). अँग्लो-चायनीज स्कूल १८८६ मध्ये अमॉय स्ट्रीटवर १३ मुलांनिशी सुरू झाले, तेही विल्यम ओल्डम नावाच्या, बंगळूरमध्ये जन्मलेल्या मिशनऱ्याच्या हातून. या शाळेची एक शाखा १९५० पासून बार्कर रोडवर आहे. व्हिटली रोडवर १९७५ चे कॅथलिक ज्युनिअर कॉलेज, आणि जरा पलीकडे डनर्न रोडला १८९९ मध्ये स्थापन झालेली सिंगापूर चायनीज गर्ल्स स्कूल. खेळताना कुणाचा पाय मुरगळलाच, तर टॅन टॉक सेंग हे भले थोरले रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. उपक्रमांसाठी याहून सोयीची वस्ती शोधून सापडणार नाही.

याच थॉमसन रोडवर युनायटेड स्क्वेअर नावाचा मॉल आहे. मुलांच्या क्लासेसचा मॉल म्हणूनच तो ओळखला जातो. गणित, चिनी, इंग्रजी लेखन, बॅले, बुद्धिबळ, सगळे एका छपराखाली आणि वातानुकूलित. म्हणजे नोव्हेनातल्या मुलाला एनरिचमेंट दोन मार्गांनी मिळते : मॉलमध्ये पैसे मोजून, किंवा शाळेत ओल्ड बॉयकडून फुकट. मॉलमधल्या शिक्षिका महिन्याच्या शेवटी प्रगती कागदावर दाखवतात. ओल्ड बॉय ग्रुप फोटो दाखवतो. पालकांचा ओढा साहजिकच मॉलकडे असतो आणि मुलांचा ओल्ड बॉयकडे, कारण तो गृहपाठ देत नाही.

शिक्षण मंत्रालयाचीही या सगळ्यावर नजर असते. अभ्यासाव्यतिरिक्तच्या कामगिरीच्या नोंदीसाठी 'लीप्स' नावाची पद्धत आहे. तिच्या पाच आद्याक्षरांतले एक एनरिचमेंटचे होते. २०१४ मध्ये माध्यमिक शाळेत दाखल झालेल्या मुलांपासून तिची सुधारित आवृत्ती आली आणि तीत नेतृत्व, यश, सहभाग व सेवा एवढे चारच रकाने राहिले. चांगल्या नोंदीचे ज्युनिअर कॉलेजच्या प्रवेशाला जास्तीत जास्त दोन गुण मिळतात. या दोन गुणांसाठी चौदा वर्षांचा मुलगा भर दुपारी बांबूला गाठी मारत बसतो. आणि त्याला गाठी शिकवणाऱ्या ओल्ड बॉयला एकही गुण मिळणार नसतो. या एका कारणापुरता तरी त्याचा हेतू शुद्ध मानावा लागतो.

ओल्ड बॉयचा हंगाम परीक्षांवर ठरतो. ज्युनिअर कॉलेजच्या परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात संपतात, निकाल फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास लागतात आणि विद्यापीठे ऑगस्टमध्ये उघडतात. मधला काळ मुलींना मोकळा असतो. त्या शाळेत बदली शिक्षिका म्हणून लागतात, शिबिरे आखतात आणि त्यांच्या सूचना लॅमिनेट केलेल्या असतात. मुलांच्या नशिबी मात्र दोन वर्षांची लष्करी सेवा असते. पहिले काही आठवडे पुलाऊ तेकाँग या बेटावर प्रशिक्षण चालते. तिथे पहाटेपासून रात्रीपर्यंत कुणी ना कुणी त्याच्यावर ओरडत असते. शुक्रवारी संध्याकाळी सुट्टी मिळते, त्याला 'बुक आउट' म्हणतात. शनिवारी सकाळी तो शाळेच्या मैदानावर उभा असतो आणि आता ओरडण्याची पाळी त्याची असते. मराठी माणूस घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतो असे म्हणतात. हा लष्कराचे खाऊन शाळेच्या भाकऱ्या भाजतो.

मराठी घरांतही हा प्रकार ठाऊक झाला आहे. कायम रहिवासी म्हणून वाढलेल्या दुसऱ्या पिढीच्या मुलांनाही ही सेवा चुकत नाही, त्यामुळे थॉमसन रोडच्या एखाद्या फ्लॅटमध्ये शनिवारी सकाळी साडेसातला असा संवाद ऐकू येतो :

"अरे, आठवड्यानं घरी आलास. पोहे केलेत. झोप जरा."

"आई, शाळेत जायचंय."

"शाळेत असताना कधी या वेळेला उठला नाहीस."

आईचे निरीक्षण अचूक असते. शाळेत असताना उशिरा येणाऱ्यांच्या वहीत ज्याचे नाव सर्वाधिक वेळा लागले, तोच पुढे मुलांना वेळेचे महत्त्व सांगायला सर्वांत आधी हजर होतो. यामागचे कारण अद्याप कोणी शोधलेले नाही.

पहिला अडथळा फाटकावर येतो. सिंगापूरच्या शाळांत बाहेरच्या माणसाची नोंद झाल्याशिवाय आत सोडत नाहीत. चौकीतले रखवालदार अंकल ओळखपत्र मागतात.

"अंकल, मी इथलाच."

"कुठल्या वर्गात?"

"पास झालो. तीन वर्षं झाली."

"मग इथला नाहीस. सही कर."

छातीवर 'व्हिजिटर' असे लिहिलेला बिल्ला लावून तो आत जातो. दिवसभर मुलांना "ही आपली शाळा आहे" असे सांगताना तो बिल्ला हलत राहतो. काही चाणाक्ष ओल्ड बॉय तो खिशात सरकवतात. अंकल दुपारच्या फेरीला आले की परत बाहेर काढतात.

आत शिरल्यावर तो दोन ठिकाणी थबकतो. एक म्हणजे कॅन्टीन. नूडल्सचा भाव वाढला आहे आणि वाडगा लहान झाला आहे, ही नोंद तो तात्काळ करतो. दुसरी जागा शिक्षकांच्या खोलीचे दार. आता आत जायला हरकत नसते, कदाचित आतून बोलावणेही आलेले असते. पण सहा वर्षांच्या सवयीने पाय उंबऱ्यावरच अडतात आणि तो दारात हात मागे बांधून उभा राहतो. आतून एखादे सर त्याला पूर्ण नावाने हाक मारतात आणि न दिलेल्या एका प्रकल्पाची चौकशी करतात. ओल्ड बॉयच्या अधिकाराची हद्द मैदानापासून या दारापर्यंतच असते, हे त्यालाही कळते.

उपक्रमाची सुरुवात ओळख करून घेण्याच्या खेळाने होते, मुले एकमेकांना सात वर्षे ओळखत असली तरीही. सर्वांत लोकप्रिय खेळ 'व्हॅको'. सगळे गोल करून बसतात, मध्ये एकजण वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन उभा राहतो. कुणीतरी एक नाव पुकारतो. ज्याचे नाव आले त्याने गुंडाळी डोक्यात बसायच्या आत दुसऱ्याचे नाव घ्यायचे. खेळ आठ मिनिटांचा, नियम समजावायला बारा मिनिटे. घरोघरी छापील वर्तमानपत्र येणे कमी झाल्याने ती गुंडाळी ओल्ड बॉयला आजोबांकडून मागून आणावी लागते. मग गटांची विभागणी, गटांना नावे, नावांच्या घोषणा. त्यानंतर कच्च्या स्पॅगेटीचा मनोरा, डोळे बांधून चालणे, दोरीने न बोलता चौकोन करणे. चौकोन कधीच चौकोन होत नाही, पण न बोलण्याची अट मुले दुसऱ्या मिनिटाला मोडतात, त्यामुळे निदान चर्चा भरपूर होते.

बहुतेकदा याच सुमारास आभाळ भरून येते. विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवरचा देश. दुपारचा गडगडाट इथे ठरलेला. वीज पडण्याचा धोका जाहीर झाला की मैदान रिकामे करावे लागते. या स्थितीला लष्करात 'कॅट वन' म्हणतात आणि ओल्ड बॉयने हा शब्द उच्चारण्यासाठी आठवडाभर वाट पाहिलेली असते. तो शिट्टी वाजवतो, "कॅट वन!" असे ओरडतो आणि सगळ्यांना सभागृहात नेतो. तिथे 'वेट वेदर प्लॅन' अमलात येतो. हा प्लॅन लष्करातही असतो आणि शाळेतही. मैदानावर जे करायचे होते, ते बसून करणे एवढाच त्याचा गाभा. सामान तेवढे बदलते. काखेतली गुंडाळी उलगडली जाते : मोठ्या आकाराचा पांढरा कागद, ज्याला सिंगापूरमध्ये 'माहजाँग पेपर' म्हणतात. चार मार्कर निघतात, त्यांतले दोन सुकलेले असतात. "आज आपण काय शिकलो?" हा प्रश्न कागदाच्या मधोमध लिहिला जातो.

इथून 'डीब्रीफ' सुरू होते. उपक्रमाचा खरा आत्मा हाच आहे, असे आयोजक मानतात; मुलांचे मत विचारात घेण्याची पद्धत नाही. सिंगापूरमध्ये कोणताही खेळ नुसता खेळून सोडत नाहीत. त्यातून काय निष्पन्न झाले ते सांगावे लागते, लिहावे लागते आणि भिंतीला ब्लू टॅकने चिकटवावे लागते. मुले या बाबतीत तयारीची असतात. प्राथमिक शाळेपासून ती असे निष्कर्ष काढत आलेली असतात. 'टीमवर्क', 'कम्युनिकेशन', 'रेझिलियन्स' हे तीन शब्द कुठल्याही खेळाखाली बसतात, हे त्यांना दहाव्या वर्षीच कळलेले असते. पहिला गट टीमवर्क लिहितो. दुसरा गट पहिल्याचे बघून कम्युनिकेशन लिहितो. तिसऱ्या गटाला रेझिलियन्सचे स्पेलिंग येत नसते, पण तो चिकाटीने तीनदा खोडून लिहितो आणि अजाणता त्या शब्दाचे प्रात्यक्षिक देतो. ओल्ड बॉय मान डोलावतो. तीन वर्षांपूर्वी त्यानेही हेच तीन शब्द लिहिले होते.

नंतर तो स्वतःच्या काळाविषयी बोलतो. 'आमच्या वेळी' हे शब्द उच्चारायला मराठी मुलखात निदान पन्नाशी गाठावी लागते; नोव्हेनात एकोणिसावे वर्ष पुरते. आमच्या वेळी पंखे एवढे नव्हते. आमच्या वेळी शिबिरात फोन काढून घ्यायचे. आमच्या वेळी कुणी रडले तरी घरी पाठवत नसत. प्रत्येक तुकडीची अशी खात्री असते की शाळा आपल्यानंतर मऊ पडली. माल्कम रोडच्या शाळेतून अशा तुकड्या गेली पावणेदोनशे वर्षे बाहेर पडत आहेत. प्रत्येकीचे म्हणणे खरे धरून हिशेब मागे नेला, तर १८५२ ची मुले बहुधा दगड खाऊन राहत असावीत.

मुलांची बाजू वेगळी आहे. ओल्ड बॉयला कसे हाताळायचे, हे ती पहिल्या तासातच ठरवतात. नियमांचे स्पष्टीकरण लांबत चालले की मागच्या रांगेतून एक हात वर येतो : "तुम्हाला खरी रायफल देतात का?" पुढची वीस मिनिटे निश्चिंत. रायफल, बेटावरची रानडुकरे, रात्रीची चाल आणि जंगलात ऐकू आलेला एक आवाज, ज्याचे वर्णन दर शनिवारी थोडे वाढते. कडेला लॅपटॉप घेऊन बसलेल्या प्रभारी शिक्षिका वर न बघता उत्तरपत्रिका तपासत राहतात. परीक्षा आणि वार्षिक सुट्टी यांच्यामधल्या दिवसांत मुलांना कुणीतरी गुंतवून ठेवणे ही शाळेची गरज असते आणि गुंतवणारा फुकट मिळाला आहे, हे त्यांना पुरेसे असते.

पण जेवणाच्या सुट्टीत, कॅन्टीनच्या बाकावर, कार्यक्रमपत्रिकेत नसलेले प्रश्न निघतात. कुठले विषय घ्यायचे? गुण कमी पडले तर काय होते? त्या सरांचा राग किती दिवस टिकतो? इथे ओल्ड बॉय शिट्टी काढून ठेवतो आणि त्याला माहीत असलेले सगळे सांगतो. मॉलमधल्या कुठल्याच वर्गात हे शिकवत नाहीत. या भागाचे डीब्रीफ होत नाही, म्हणूनच तो मुलांच्या लक्षात राहतो.

पुण्याच्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून उभी आहे. अप्पा पेंडशांनी सुरू केलेल्या या संस्थेत संध्याकाळच्या दलावर खेळ घेणारे ताई-दादा बहुधा कालपर्यंत त्याच दलावर खेळलेले असतात. फरक इतकाच की दादा विचारतो, "उद्या येणार ना?" आणि तेवढ्यावर डीब्रीफ संपते. महाविद्यालयांत तर ही परंपरा आणखी चिवट. १९६३ पासून चाललेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींना दर वर्षी जुने सीनियर हजर होतात : कुणी दिग्दर्शनाला, कुणी प्रकाशयोजनेला आणि कुणी नुसतेच मागच्या भिंतीला टेकून "आवाज चढव" म्हणायला. नोकरी लागली, लग्न झाले, मूल झाले तरी ऑगस्ट आला की ते भिंतीला टेकतात. या सीनियरला बिल्ला लावायची हिंमत असलेला रखवालदार पुण्यात अजून नेमला गेलेला नाही. उलट, एरवीच्या शाळांत माजी विद्यार्थी आठवतो तो पंचवीस वर्षांनी मेळावा भरला की. मग शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, आभार आणि या शेवटच्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी देणगीचा विषय. धाकट्या मुलांचा या समारंभातला सहभाग स्वागतगीतापुरता. ते म्हणताना त्यांना उन्हात उभे करतात, एवढाच व्हॅकोशी संबंध.

नोव्हेनातला ओल्ड बॉय तिशीला आला की शिट्टी सुटते आणि स्लाइड्स येतात. तो आता 'करिअर टॉक' देतो. डॉक्टर, वकील आणि बँकवाले यांची रांगच असते. मँडले रोडवर ली काँग चियान वैद्यकीय महाविद्यालय असल्याने पांढरा कोट घातलेला वक्ता तर चालत येऊ शकतो. भाषणात एक स्लाइड 'माझे अपयश' या शीर्षकाची असते. हे अपयश नेहमी बेताचे असते : बाराव्या वर्षीच्या पीएसएलई परीक्षेत अपेक्षेपेक्षा कमी गुण, किंवा हॉकीच्या संघातून वगळले जाणे. पुढच्याच स्लाइडवर शिष्यवृत्ती असते. अजूनही अपयशात असलेला माजी विद्यार्थी करिअर टॉकला बोलावल्याचे ऐकिवात नाही. वस्तुतः मुलांना तोच ऐकायला जास्त आवडला असता.

याच वयात लष्करही त्याला अधूनमधून परत बोलावत असते. दोन वर्षांची सेवा संपली तरी राखीव दलाच्या प्रशिक्षणाला हजर राहावे लागते, तेही वर्षानुवर्षे. लष्कराचे बोलावणे आले की तो पत्नीला, साहेबाला आणि मित्रांना आठवडाभर गाऱ्हाणे ऐकवतो. शाळेचे बोलावणे आले की रजा टाकतो.

चाळिशीकडे झुकताना जिव्हाळ्याला नियमांचा आधार मिळतो. सिंगापूरमध्ये प्राथमिक शाळेचा प्रवेश टप्प्याटप्प्याने होतो. आई किंवा बाप त्या शाळेचा माजी विद्यार्थी असेल तर मुलाला '२ए' या टप्प्यात प्राधान्य मिळते. ज्यांचे तसे नाते नाही त्यांच्यासाठी '२बी' असतो; त्यात आधी शाळेसाठी निदान चाळीस तास स्वयंसेवा केलेल्या पालकांची वर्णी लागते. त्यामुळे नामांकित शाळांच्या फाटकावर रस्ता ओलांडायला मदत करणारे, ग्रंथालयात पुस्तके लावणारे आणि कार्यक्रमात खुर्च्या उचलणारे उच्चशिक्षित गृहस्थ दिसतात. एकेचाळिसाव्या तासाला त्यांतले काही दिसेनासे होतात. ओल्ड बॉय त्यांच्याकडे किंचित तुच्छतेने बघतो, कारण त्याने विशीतच चाळीस तासांच्या कितीतरी पट शिट्टी वाजवलेली असते आणि तेव्हा त्याला २ए माहीतही नव्हता.

ही सारी गणिते शाळा जागच्या जागी राहील या गृहीतावर मांडलेली असतात. २०२४ च्या सुरुवातीला असे जाहीर झाले की बार्कर रोडवरची अँग्लो-चायनीज स्कूलची प्राथमिक शाळा २०३० मध्ये पश्चिमेकडच्या तेंगाह या नव्या वसाहतीत जाईल आणि तिथे मुलींनाही प्रवेश मिळेल. माजी विद्यार्थ्यांत यावर चर्चेला उधाण आले. मुलगे आणि मुली एकत्र शिकणार, याबद्दल मते मांडली गेली. जुन्या वास्तूबद्दलही मांडली गेली. ज्यांची मुले अजून जन्माला यायची होती, त्यांनीही मांडली. अंतर मात्र कुणाच्या मताने कमी होणार नव्हते. नोव्हेनाच्या आसपास राहणारा, '२ए'चा हक्क बाळगून असणारा ओल्ड बॉय सध्या सकाळी सातला तेंगाहला पोचायला घरून किती वाजता निघावे लागेल हे मोबाइलवर तपासतो आणि त्याच बैठकीत तिकडच्या फ्लॅट्सच्या किमतीही पाहून ठेवतो.